काटा खोटे बोलू लागतो तेव्हा

समजा, पावसाळा संपत आला आहे आणि तुम्ही दोन आसनांच्या एका लहान प्रशिक्षण-विमानात बसून मावळावरून चालला आहात. खाली सुदुंबरे गाव आहे. जवळच भंडारा डोंगर, त्याच्या पलीकडे इंद्रायणीचे वळण आणि देहू. पश्चिमेला तळेगाव, आणि त्याच्याही पलीकडे, लोणावळ्याच्या अंगाला, सह्याद्रीच्या माथ्यावर ढगांची रांग. उंचीमापकाचा काटा ५,००० फूट दाखवतो आहे. (विमानवाहतुकीत उंची अजूनही बहुतेक देशांत फुटांतच मोजतात.) सारे कसे सुरळीत चालले आहे. इतक्यात समोरच्या तबकड्यांपैकी एकीचा काटा खाली येऊ लागतो आणि पाहता पाहता शून्यावर टेकतो. ती तबकडी आहे वेगमापकाची.

आता काय कराल?

ही सफर आपण कल्पनेत करत आहोत. पण असा प्रसंग बारामतीला किंवा गोंदियाला विमान चालवायला शिकणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यावर येऊ शकतो. म्हणूनच त्याची तयारी त्यांच्याकडून जमिनीवरच करून घेतात. ही तयारी कोणती, आणि तिच्यामागे विज्ञानाची कोणती तत्त्वे आहेत, ते या लेखात पाहू.

आधी विमान उडवा

वेगमापकाचा काटा शून्यावर पडला म्हणून विमानाचा वेग शून्य होत नाही. घड्याळ बंद पडले म्हणून सूर्य थांबतो का? विमानाला हवेत धरून ठेवतात ते त्याचे पंख, आणि पंखांना लागते ती वाहती हवा. इंजिन पूर्वीसारखेच घुमते आहे, खिडकीबाहेरचे क्षितिज जिथल्या तिथे आहे. याचा अर्थ विमान ठीक आहे, बिघडले आहे ते फक्त वेग सांगणारे यंत्र.

नवशिक्या वैमानिकाला मात्र तो काटा पाहून वाटते, ‘वेग गेला, आता विमान पडणार!’ तो घाबरून विमानाचे नाक खाली दाबतो आणि मुळात नसलेले संकट स्वतःच ओढवून घेतो. म्हणून जगभरच्या वैमानिकांना तीन गोष्टी ठरावीक क्रमाने पाठ करायला लावतात: आधी विमान उडवा, मग कुठे जायचे ते ठरवा, मग रेडिओवर बोला. क्रम बदलायचा नाही.

हा क्रम मोडला तर काय होते? २९ डिसेंबर १९७२ रोजी अमेरिकेत मायामीजवळ एक मोठे प्रवासी विमान उतरण्याच्या तयारीत होते. पुढचे चाक बाहेर आल्याची खूण करणारा छोटा दिवा लागला नाही. विमान २,००० फुटांवर स्वयंचलित यंत्रणेकडे सोपवून चालक मंडळी त्या दिव्याच्या मागे लागली. उंची कायम राखणारी यंत्रणा मध्येच सुटली आणि विमान हळूहळू खाली येऊ लागले. हे वेळीच कोणाच्याही ध्यानात आले नाही. विमान दलदलीत कोसळले आणि सुमारे शंभर माणसे प्राणांना मुकली. चौकशीत आढळले, की दिव्याचा बल्ब तेवढा गेला होता. चाक व्यवस्थित बाहेर आलेले होते.

तेव्हा आपल्या कल्पनेतल्या विमानातही पहिले काम हेच: नाक आहे तिथे राहू द्या, इंजिनाचे फेरे आहेत तेवढे राहू द्या आणि बाहेर पाहा. ११० अश्वशक्तीच्या सेसना-१५२ जातीच्या विमानात इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण २,३०० असतील आणि नाक क्षितिजाशी नेहमीच्या जागी असेल, तर वेग ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपासच असणार. विद्यार्थ्याला असे आकडे पाठ असतात. वेगमापक नसला तरी वेग कळतो, तो असा.

सहा तबकड्या, तीन वाटा

प्रशिक्षण-विमानात वैमानिकासमोर पूर्वापार सहा मुख्य तबकड्या असतात: वेगमापक, कृत्रिम क्षितिज, उंचीमापक, वळणदर्शक, दिशादर्शक आणि चढ-उतारदर्शक. गंमत अशी, की या सहाही तबकड्या एकाच शक्तीवर चालत नाहीत.

वेगमापक, उंचीमापक आणि चढ-उतारदर्शक या तिघी हवेच्या दाबावर चालतात. विमानाच्या अंगावर, जिथे वाऱ्याचा झोत सरळ आत शिरत नाही अशा जागी, एक बारीक छिद्र असते. त्यातून भोवतालच्या हवेचा दाब आत येतो. वर जावे तसा हा दाब कमी होतो. जमिनीलगत दर आठ-नऊ मीटरला सुमारे एक मिलिबार. उंचीमापक म्हणजे हा दाब मोजणारी एक बंद, पातळ पत्र्याची डबी. दाब घटला की डबी फुगते आणि काटा सरकतो. हा काटा समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो, हे मात्र विसरू नये. मावळातली जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, म्हणजे २,००० फूट उंच आहे. तेव्हा सुदुंबऱ्यावर ५,००० चा आकडा वाचणारा वैमानिक गावाच्या वर ३,००० फूटच असतो.

वेगमापकाला आणखी एक नळी लागते. ती पंखाखाली, तोंड समोर करून बसवलेली असते. अठराव्या शतकात आंरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने नदीच्या पाण्याचा वेग मोजण्यासाठी अशी नळी वापरली, म्हणून ती ‘पिटो नळी’. समोरून येणारी हवा तिच्यात कोंडते आणि तिथला दाब वाढतो. हा वाढीव दाब किती म्हणाल? ताशी १०० किलोमीटर वेगाला जेमतेम पाच सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. इतक्या नाजूक दाबावर हे उपकरण चालते. मग नळीच्या तोंडाशी चिमूटभर माती बसली तर ते बिघडावे यात नवल नाही.

कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक यांच्या पोटात जायरोस्कोप, म्हणजे अतिशय वेगाने फिरणारे चक्र असते. भोवरा फिरत असतो तोवर आपला आस सोडत नाही. तसेच हे चक्रही विमान कितीही कलले तरी आपली दिशा सोडत नाही. त्याच्या आधाराने विमान कोणत्या बाजूला किती कलले ते दिसते. इंजिनावर चालणारा एक पंप या तबकड्यांतली हवा ओढून घेतो. आत शिरणाऱ्या हवेच्या झोताने चक्र फिरते.

वळणदर्शकातही जायरोस्कोपच असतो. पण बहुतेक लहान विमानांत तो विजेवर फिरतो. आणि सगळ्यांच्या वर, काचेजवळ, एक साधे होकायंत्र असते. त्याला वीज लागत नाही, पंप लागत नाही, नळी लागत नाही. पृथ्वीचे चुंबकत्व तेवढे पुरते.

म्हणजे तीन निरनिराळ्या वाटांनी माहिती येते: हवेचा दाब, पंप आणि वीज. एक वाट बंद पडली तरी उरलेल्या दोन चालू राहतात. अलीकडच्या पुष्कळ प्रशिक्षण-विमानांत तबकड्यांऐवजी संगणकाचे पडदे आले आहेत आणि फिरत्या चक्रांच्या जागी इलेक्ट्रॉनिक संवेदक. तरी मुख्य पडदा गेला तर हाताशी असावी म्हणून वेगळी राखीव उपकरणे त्यांतही ठेवतात.

आपले कान आपल्याला फसवतात

तुम्ही म्हणाल, ‘एवढी भानगड कशाला? विमान कलले तर बसल्या जागी आपल्याला कळेलच की!’

इथेच मोठी फसगत होते. आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके वळले की हा द्रव जरासा मागे राहतो आणि त्यावरून मेंदूला वळण कळते. पण वळण एकाच गतीने चालू राहिले तर काही सेकंदांत द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि मेंदूला वाटते, आपण सरळ चाललो आहोत. विमान अगदी सावकाश, सेकंदाला दोन अंशांहूनही कमी गतीने कलले, तर ते कळतही नाही. बाहेर क्षितिज दिसते तोवर डोळे ही चूक सुधारतात. ढगात किंवा काळोखात ही मदत संपते.

१९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक पाहणी झाली. केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे शिक्षण न घेतलेल्या वीस जणांना, बाहेरचे काही दिसणार नाही अशा बेताने विमान चालवायला दिले. विमानावरचा ताबा सुटण्याच्या अवस्थेला विसाही जण पोचले, आणि त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद. तीन मिनिटेसुद्धा नाहीत! म्हणूनच नवशिक्या वैमानिकाला लोणावळ्याच्या बाजूच्या त्या ढगांत शिरण्याची मनाई असते.

मुंबईची एक काळरात्र

उपकरण खोटे बोलते आणि त्याच वेळी बाहेर काही दिसत नाही, तेव्हा काय घडते याचे दुःखद उदाहरण आपल्या मुंबईच्याच किनाऱ्यावरचे आहे.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट दुबईला जाण्यासाठी सांताक्रूझहून उडाले. एअर इंडियाच्या ताफ्यातले हे पहिलेच बोइंग ७४७. विमानात २१३ माणसे होती. किनारा ओलांडल्यावर विमानाने उजवीकडे एक साधे वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. पण मुख्य वैमानिकासमोरचे कृत्रिम क्षितिज सरळ झाले नाही. विमान अजून उजवीकडेच कललेले आहे असे ते दाखवत राहिले. पुढे काळा समुद्र, वर काळे आकाश. क्षितिजाची रेघ दिसणे शक्य नव्हते. वैमानिकाने काट्यावर विश्वास ठेवला आणि ‘सरळ’ करण्यासाठी विमान डावीकडे वळवले. वास्तविक सरळ असलेले विमान डावीकडे कलत गेले, कलतच गेले. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत, वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर, ते समुद्रात कोसळले. एकही माणूस वाचला नाही.

या विमानात कृत्रिम क्षितिजे एकूण तीन होती: एक मुख्य वैमानिकासमोर, दुसरे सहवैमानिकासमोर आणि तिसरे, राखीव, मधोमध. आपल्यासमोरचे क्षितिज बिघडल्याचे वैमानिकाच्या लक्षात आले होते आणि फ्लाइट इंजिनिअरने दुसऱ्या उपकरणाकडे बोट दाखवण्याचा प्रयत्नही केला होता. पण तोवर अवघे काही सेकंद उरले होते. बाकीच्या उपकरणांच्या आधारे विमान सावरता आले नाही, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

या मंडळींना दोष देणे सोपे आहे. पण वर्षानुवर्षे ज्या काट्याने खरे सांगितले, तो आज खोटे बोलत आहे हे रात्रीच्या काळोखात काही सेकंदांत मान्य करणे किती कठीण, याचाही विचार करावा. जे काम इतके कठीण आहे, त्याची सवय आधीपासून अंगी बाणवावी लागते.

एक वही पुरत नाही

सुदुंबरे हे संत संताजी जगनाडे यांच्या समाधीचे गाव. तुकाराम महाराजांच्या टाळकऱ्यांपैकी ते एक, आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत परंपरा त्यांचे नाव अग्रभागी घेते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा तुम्हांला माहीत आहेच. मोलाचा मजकूर एकाच वहीत ठेवू नये, तो दुसऱ्या हाताने दुसरीकडेही लिहिलेला असावा, हे शहाणपण मावळाच्या मातीत जुने आहे.

विमान बांधणाऱ्यांचे शहाणपण हेच. पण त्यात दोन मेख आहेत. पहिली: दुसरी प्रत पहिलीपासून खरोखर वेगळी हवी. दोन्ही वह्या एकाच पेटीत ठेवल्या आणि पेटीच बुडाली, तर दुसऱ्या वहीचा उपयोग काय? म्हणून वळणदर्शक विजेवर आणि कृत्रिम क्षितिज पंपावर अशी वाटणी केलेली असते. दुसरी: दोन साक्षीदारांत भांडण झाले तर खरा कोण हे ठरवायला तिसरा लागतो. घरात दोन घड्याळे दहा मिनिटांच्या फरकाने चालत असतील तर खरी वेळ कोणती ते कळत नाही. तिसरे पाहिले की कळते. प्रशिक्षण-विमानात कृत्रिम क्षितिज म्हणाले ‘डावीकडे कललो’, पण वळणदर्शक म्हणाला ‘सरळ’ आणि दिशादर्शक व होकायंत्र जागचे हलले नाहीत, तर कोणाचे ऐकायचे हे उघड आहे.

खोटे कसे ओळखावे?

प्रत्येक उपकरणाची खोटे बोलण्याची रीत वेगळी असते. ती माहीत असली की चोर लवकर सापडतो.

*पिटो नळी तुंबली* तर आतला दाब पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेल्या छिद्रातून सुटतो आणि वेगमापक शून्यावर येतो. आपल्या कल्पनेतल्या विमानात हेच झाले. पण ते छिद्रही तुंबले तर जुना दाब आतच कोंडून राहतो. मग विमान वर चढले आणि बाहेरचा दाब घटला की काटा ‘वेग वाढला’ असे सांगतो! वेगमापक उंचीमापकासारखा वागू लागतो. हा बिघाड शून्यावर पडणाऱ्या काट्याहून घातक, कारण तो खरा वाटतो. आपल्या खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, तशा जातीच्या माश्यांना पिटो नळीही पसंत पडते. फेब्रुवारी १९९६ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेले एक प्रवासी विमान वेगमापकाच्या अशाच खोट्या आकड्याने फसले आणि समुद्रात पडले. १८९ माणसे गेली. विमान काही दिवस नळ्यांवर आच्छादन न घालता उभे होते आणि बहुधा माश्यांनी नळीत घर केले असावे, असे तपासात दिसले. म्हणून उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारून वैमानिक या नळीत डोकावतो.

*दाबाचे छिद्र बुजले* तर उंचीमापकाचा काटा आहे तिथेच गोठतो आणि चढ-उतारदर्शक शून्यावर स्थिर होतो. नाक खाली आहे, वाऱ्याचा आवाज वाढतो आहे आणि उंची मात्र बदलत नाही, असे दिसले की समजावे. पुष्कळ विमानांत अशा वेळी आतल्या खोलीतली हवा घेण्याची पर्यायी तोटी असते. ती नसेल तर जुन्या वैमानिकांचा तोडगा मजेदार आहे: चढ-उतारदर्शकाची काच फोडायची! तिथून हवा आत शिरते आणि उंचीमापक पुन्हा चालू लागतो. लहान विमानाच्या खोलीत आणि बाहेर दाब जवळजवळ सारखाच असतो, म्हणून हे जमते.

*पंप बंद पडला* तर फिरते चक्र एकदम थांबत नाही. काही मिनिटे ते फिरत राहते, मंदावते आणि कृत्रिम क्षितिज हळूहळू एका बाजूला झुकते. हा चोर पावलांचा आवाज न करता येतो. पंपाची ओढ दाखवणारी एक छोटी तबकडी असते, तिच्याकडे अधूनमधून पाहण्याची सवय म्हणूनच लावतात. तबकडी खोटी ठरली की वैमानिक तिच्यावर कागद लावून ती झाकून टाकतात. समोर दिसणारी गोष्ट खोटी आहे हे माहीत असूनही डोळा तिकडे जातोच. मग ती दिसूच न देणे बरे.

*अल्टरनेटर बंद पडला* तर वीज फक्त बॅटरीतून मिळते, आणि ती अर्ध्या तासाच्या आसपास पुरते. नको असलेले दिवे व उपकरणे बंद करून ती वीज रेडिओसाठी राखायची. इंजिन मात्र थांबत नाही, कारण त्याच्या ठिणगीसाठी मॅग्नेटो असतात, तेही दोन. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, दोन वेगळ्या मॅग्नेटोंना जोडलेले. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो. फेरे थोडेसेच कमी झाले तर दोन्ही ठीक आहेत.

*रेडिओ मुका झाला* तर ट्रान्सपॉन्डर या उपकरणावर ७६०० हा आकडा लावतात. जमिनीवरच्या रडारला त्यावरून ‘याचा रेडिओ बंद आहे’ असे कळते. विमानतळाचा मनोरा मग रंगीत प्रकाशाने बोलतो. विमानावर रोखलेला स्थिर हिरवा प्रकाश म्हणजे ‘उतरा’, स्थिर लाल म्हणजे ‘दुसऱ्याला वाट द्या आणि फिरत राहा’. वैमानिक पंख हलवून ‘समजले’ असे सांगतो.

इंजिनच थांबले तर?

सगळ्यांत मोठी भीती ही. पण इंजिन थांबले की विमान दगडासारखे पडत नाही, ते घसरगुंडीवरून उतरावे तसे तरंगत उतरते. सेसना-१५२ ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने तरंगवले, तर एक मीटर खाली येईपर्यंत ते नऊएक मीटर पुढे जाते. आता हिशेब करा. सुदुंबऱ्याच्या वर ३,००० फूट म्हणजे सुमारे ९०० मीटर. ९०० गुणिले ९ म्हणजे ८,१०० मीटर, आठ किलोमीटर. आणि हाती वेळ सव्वाचार मिनिटांच्या आसपास. वारा नसेल तर देहू आवाक्यात येईल, चाकण येणार नाही. समोरून वारा असेल किंवा वळसा घ्यावा लागला तर हे अंतर बरेच घटते. म्हणून शहाणा वैमानिक लांबच्या चांगल्या जागेपेक्षा जवळची बरी जागा निवडतो. धूर कोणीकडे झुकतो ते पाहून वाऱ्याच्या तोंडावर उतरायचे; विजेच्या तारा टाळायच्या; भाताच्या खाचरांचे आडवे बांध आणि चिखल टाळायचा.

जागा ठरली की मगच कारण शोधायचे. पेट्रोलची तोटी उघडी आहे ना? मॅग्नेटो चालू आहेत ना? कार्ब्युरेटरमध्ये बर्फ तर झाला नाही? हसू नका! माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने कार्ब्युरेटर गार होतो: पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते. शिवाय अरुंद वाटेतून जाताना हवेचा दाब व तापमान उतरते. दोन्ही मिळून तापमान वीस अंशांनीही खाली येऊ शकते. दमट हवेत, बाहेर वीस-पंचवीस अंश सेल्सिअस असतानाही, आत बर्फ साचून इंजिन गुदमरते. त्यासाठी गरम हवा आत सोडणारी एक कळ असते. ती ओढली की पुष्कळदा इंजिन पुन्हा घुमू लागते.

तरंगत उतरण्याची कला मोठ्या विमानांनाही तारते. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ चे इंधन ४१,००० फुटांच्या उंचीवर असताना संपले. या विमानाचा इंधनमापक आधीच बिघडलेला होता. म्हणून दुसरा साक्षीदार घेतला होता: टाकीतले इंधन पट्टीने मोजले होते. पण हिशेबात किलो आणि पौंड यांची गल्लत झाली आणि निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघाले! सुदैवाने मुख्य वैमानिकाला बिनइंजिनाचे ग्लायडर चालवण्याचा सराव होता. त्याने ते प्रचंड विमान तरंगवत गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले. विमानातली सर्वच्या सर्व ६९ माणसे वाचली. उत्तरापुढे एकक लिहा, असे गुरुजी का बजावतात, ते यावरून कळेल.

तालीम

सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. पूर, दरडी, कोसळलेल्या इमारती अशा ठिकाणी या दलाचे जवान धावून जातात, आणि एरवी तालीम करतात. संकटात सुचत नाही. हातांना आधी जे शिकवलेले असते तेच हात करतात. वैमानिकाचेही तसेच. शिक्षक मुद्दाम इंजिनाची गती कमी करून विचारतो, ‘आता कुठे उतराल?’ मुद्दाम एखादी तबकडी झाकून म्हणतो, ‘आता चालवा.’

आणि स्मरणावरही सारा भरवसा ठेवायचा नसतो. १९३५ साली अमेरिकेत एका नव्या बोइंग विमानाची चाचणी होती. अनुभवी चालक शेपटीच्या पट्ट्यांचे कुलूप काढायला विसरले आणि विमान उडताच कोसळले. त्यानंतर कामांची लेखी यादी करून ती एकेक ओळीने तपासण्याची पद्धत रूढ झाली. आज प्रत्येक प्रशिक्षण-विमानात ही यादी असते आणि हजारो तास उडालेला वैमानिकही ती वाचतो.

उपकरणांवर विश्वास ठेवावाच लागतो, कारण आपले कान त्यांच्यापेक्षाही मोठे लबाड आहेत. पण एकाच उपकरणावर विश्वास ठेवू नये. एकाने सांगितले ते दुसऱ्याला विचारावे, दोघांचे पटले नाही तर तिसऱ्याला. आणि विचारत असताना विमान उडवणे थांबवू नये. प्रयोगशाळेत एकच वाचन न घेता तीन वाचने घ्यायला सांगतात, त्यामागचा विचारही हाच आहे.

करून पाहा

१. फिरत्या खुर्चीवर मित्राला डोळे मिटून बसवा. खुर्ची हळूहळू, एकाच गतीने फिरवत राहा आणि अर्ध्या मिनिटाने अलगद थांबवा. कोणत्या बाजूला फिरतो आहेस, असे दर पाच सेकंदांनी विचारा. खुर्ची थांबल्यावर तो काय सांगतो ते टिपून ठेवा. (मित्राला खाली पडू देऊ नका.)

२. सायकलचे सुटे चाक आसाला दोन्ही बाजूंनी धरा, दुसऱ्याकडून वेगाने फिरवून घ्या आणि मग आस तिरका करण्याचा प्रयत्न करा. चाक स्थिर असताना आणि फिरत असताना काय फरक जाणवतो?

ओळखा, खोटे कोण बोलते?

(अ) कृत्रिम क्षितिज: डावीकडे कल. वळणदर्शक: सरळ. दिशादर्शक व होकायंत्र: स्थिर.

(आ) इंजिनाचे फेरे व नाकाची स्थिती कायम. विमान सावकाश वर चढते आहे. वेगमापकाचा आकडा मात्र सारखा वाढतो आहे.

(इ) नाक खाली, वाऱ्याचा आवाज वाढलेला. उंचीमापक स्थिर, चढ-उतारदर्शक शून्यावर.

उत्तरे: (अ) कृत्रिम क्षितिज. (आ) वेगमापक, पिटो नळी व तिचे पाणी निघण्याचे छिद्र दोन्ही तुंबली आहेत. (इ) उंचीमापक आणि चढ-उतारदर्शक दोन्ही. दाबाचे छिद्र बुजले आहे. या तिसऱ्या प्रसंगात वेगमापकाचा आकडा तरी खरा असेल का? याचे उत्तर तुम्हीच शोधा आणि वर्गात शिक्षकांना पटवून द्या.